बेसमेंटमधली खोकी आणि बाबांची वही : कार्ड प्रोजेक्टच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

बेसमेंटमधली खोकी एकदाची वर काढली. मार्चमध्ये वॉटरप्रूफिंगवाला येणार आहे, भिंतीला टेकवलेलं सगळं हलवावं लागणारच होतं, म्हणलं हलवतोच आहे तर उघडून पण बघूया, तीस वर्षं झाली. एकूण एकवीस निघाली. नऊ पांढरी लांबट आठशे कार्डांची, दोन ती मोठी ज्यांना शोमध्ये, म्हणजे हॉलमध्ये भरणाऱ्या कार्डांच्या बाजारात, मॉन्स्टर बॉक्स म्हणायचे, आणि दहा बुटांची. सगळी काठोकाठ भरलेली नाहीत पण बारा-तेरा हजार कार्डं सहज असतील, पुढे खेळाडूचा फोटो आणि पाठीवर त्याचे आकडे असलेली, पाकिटातून मिळायची ती, बहुतेक सगळी बेसबॉलची, थोडी बास्केटबॉलची.

प्लॅन असा की यादी करायची, बरी असतील ती स्कॅन करायची आणि बाकी गावातल्या पोरांना वाटून टाकायची. किमतीच्या मागे लागायचंच नाहीये, कारण माझा बहुतेक माल १९८७ ते १९९३ मधला, या काळाला आता सगळे जंक वॅक्सचा काळ म्हणतात, कंपन्यांनी तेव्हा इतकी कार्डं छापली की ती कधी दुर्मिळ होणारच नव्हती. आम्हाला शाळेत मात्र पक्कं माहीत होतं की याच्यावर कॉलेजची फी निघणार. असं मानणारे न्यू जर्सीत त्यावेळी गल्लोगल्ली होते, पोरंच नाही, मोठी माणसंसुद्धा.

पहिलं खोकं उघडलं ते टॉप्स कंपनीचं १९८७ चं, लाकडी पट्ट्यांसारखी बॉर्डर असलेलं. ७९२ कार्डांचा सेट. आम्ही ८८ च्या जूनमध्ये ठाण्याहून इथे आलो तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि शाळेतल्या मुलांनी मला जे पहिलं कार्ड दाखवलं ते याच बॉर्डरचं होतं. आज त्यातली चार-पाच कार्डं हातात घेतली तर एकाच्या पाठीवर मेणाचा डाग, दुसऱ्याला गमचा. पाकीट मेणकागदाचं असायचं ना, चिकटवलेल्या बाजूचं मेण शेवटच्या कार्डाला लागायचं, आणि आत गुलाबी बबलगमची एक कडक पट्टी, ती टॉप्सने १९९१ पर्यंत टाकली. डागाची कार्डं वेगळी ठेवली. टाकवत नाहीत.

११ जानेवारी

आज प्रोजेक्टच बदलला.

सातव्या बुटाच्या खोक्यात कार्डांच्या खाली बाबांची वही सापडली. निळ्या पुठ्ठ्याची, रेघांची. बाबा इथे आल्यापासून घरखर्च मराठीत लिहायचे, दूध, ट्रेनचा पास, माझे बूट, ठाण्याला पाठवलेले पैसे, सगळं. त्यातच मधेमधे "शो" म्हणून ओळी आहेत. पहिली १७ सप्टेंबर ८९ ची. "शो. गॅस ४, तिकीट २+१, कार्डे ७, कॉफी १." बस एवढंच. सगळी वही भराभरा चाळली तर अशा एकतीस ओळी मिळाल्या, शेवटची ९५ च्या मे महिन्यातली.

एकतीस शो! मला आठवत होते ते फार तर दहा. हॉटेलची बॉलरूम, फायर हाऊसचा हॉल, मॉलमधल्या दुकानांच्या मधल्या जागेत लावलेली टेबलं, चर्चचं बेसमेंट, सगळं डोक्यात एकाच रविवारी झाल्यासारखं मिसळून गेलंय. आणि इथे तारखेसकट हिशोब लिहून ठेवलाय. म्हणजे आता यादी करायची ती कार्डांची नाही, शोंची. कुठलं कार्ड कुठल्या रविवारी आलं ते जमेल तेवढं शोधायचं. कार्डाचा फोटो नेटवर हवा तेवढा मिळतो, पण हे दुसरं कुठेच लिहिलेलं नाहीये.

बाबांना वही दाखवली. चष्मा कपाळावर सरकवून बघितली आणि म्हणाले, "अरे, ही मी टाकून दिली नव्हती होय." आणि वर घेऊन गेले, संध्याकाळी परत आणून दिली. ८१ वर्षांचे आहेत, जिने चढउतार फार करू नका म्हणून सांगतो, ऐकत नाहीत.

१२ जानेवारी

पहिल्या शोबद्दल आठवतंय तेवढं आजच लिहून ठेवतो नाहीतर वहीतल्या आकड्यांनी माझी आठवण बदलून जाईल.

रूट वनवरचं एक हॉटेल. बाहेर बोर्ड नाही, आत गेल्यावर कॉरिडॉरमध्ये एक माणूस पत्र्याची कॅशपेटी घेऊन बसलेला, मोठ्यांना दोन डॉलर लहानांना एक, हातावर शिक्का. मग दार उघडलं की एकदम आवाज, साठेक टेबलं असतील, प्रत्येक टेबलावर पुढे काचेचा डिस्प्ले, त्यात महागडी कार्डं, आणि बाजूला उघडी लांब खोकी. पाच सेंटचं खोकं, दहा सेंटचं, पंचवीस सेंटचं. पोरं खोक्यांवर, मोठे काचेवर. मला कुठे उभं राहायचं तेच कळेना. ठाण्यात असताना बबलगमबरोबर क्रिकेटवाल्यांचे फोटो मिळायचे, त्यावर रन आणि विकेट छापलेल्या असायच्या, ते आम्ही जिन्यात बसून बदलायचो. पण मोठी माणसं, टक्कल पडलेली, शर्ट खोचलेली, याच गोष्टीसाठी रविवारी सकाळी हॉल भाड्याने घेतात हे मला खरं वाटत नव्हतं. माझ्यासाठी अमेरिका त्या दिवशी थोडी सोपी झाली.

बाबांनी सात डॉलर खर्च केले त्यातलं एक कार्ड नक्की आठवतंय, डॉन मॅटिंग्लीचं, दोन डॉलर. बाकी दहा सेंटच्या खोक्यातली असणार.

१८ जानेवारी

आज स्टिकरवर काम. जरा सविस्तर लिहितो कारण पुढचं सगळं याच्यावर अवलंबून आहे.

शोमध्ये बरं कार्ड घेतलं की ते पातळ प्लॅस्टिकच्या स्लीव्हमध्ये नाहीतर टॉपलोडरमध्ये (कडक प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये) मिळायचं आणि त्यावर डीलरने हाताने किंमत लिहिलेला छोटा स्टिकर. मी ते कधी काढले नाहीत, आळशीपणा म्हणा किंवा बाकीच्या पोरांना किंमत दिसावी म्हणून म्हणा. आत्तापर्यंत २१४ स्टिकरवाली कार्डं निघाली. सगळी जमिनीवर पसरली आणि अक्षराप्रमाणे लावत गेलो. तीन तासांत दिसायला लागलं की हे सात-आठच हात आहेत! एकजण सातच्या पोटावर आडवी रेघ मारतो, एकाचा चार वरून उघडा असतो, एकाचे स्टिकर कायम केशरी, गोल, आणि सेंटचं चिन्ह एका झटक्यात काढलेलं. आणखी एक आहे जो किंमत लिहितच नाही, इंग्रजी अक्षरं लिहितो. त्याची पद्धत मला पाठ होती, एका दहा अक्षरी शब्दातलं एकेक अक्षर म्हणजे एकेक आकडा, तो त्याचा खरेदीचा भाव, म्हणजे घासाघीस करताना कुठपर्यंत उतरायचं ते त्याला लगेच दिसावं. बाबांनी तो शब्द कधीच ओळखला नाही पण दर वेळी प्रयत्न करायचे, गाडीत परत येताना कागदावर आकडे मांडून.

आता वहीतली रक्कम, कार्डाचं साल आणि स्टिकरवरचं अक्षर असे तीन धागे जुळले की शो पक्का. पहिला जुळला तो ४ मार्च १९९० चा. वहीत लिहिलंय "ग्रिफी १२". आणि केन ग्रिफी ज्युनिअरचं अपर डेकचं १९८९ चं पहिल्या नंबरचं कार्ड, केशरी गोल स्टिकर, १४. म्हणजे चौदाचं बारात दिलं. बाबांनी घासाघीस केली होती हे मला आठवत नव्हतं, पण केलीच असणार.

या कार्डाचं महत्त्व नव्या वाचणाऱ्याला कळणार नाही म्हणून दोन ओळी. १९८९ पर्यंत टॉप्स, फ्लीअर, डॉनरस यांची कार्डं साध्या पुठ्ठ्याची होती. बनावट कार्डांचा सुळसुळाट व्हायला लागल्यावर अपर डेक नावाची नवी कंपनी आली, जाड पांढरा कागद, पाठीमागे होलोग्राम, फॉइलचं पाकीट जे उघडून परत चिकटवता येत नाही, आणि किंमत इतरांच्या दुप्पट. पहिला नंबर कुणाला द्यायचा हे टॉम गाइडमन नावाच्या त्यांच्या एका कॉलेजात शिकणाऱ्या कर्मचाऱ्याने ठरवलं आणि त्याने एकोणीस वर्षांचा, तोपर्यंत मोठ्या लीगमध्ये एकही मॅच न खेळलेला पोरगा निवडला. फोटोत त्याच्या डोक्यावर खरं म्हणजे ज्युनिअर टीमची टोपी होती, रंग मारून ती सिअॅटल मरिनर्सची केली. मी ते कार्ड रोज रात्री झोपताना बघायचो. ३५ वर्षांनी आज परत बघितलं, तसाच हसतोय.

निर्णय : स्टिकर काढायचे नाहीत. डिंक पिवळा पडलाय, काही ठिकाणी ओघळलाय, ग्रेडिंगला, म्हणजे कंपनीकडून दर्जा ठरवून घ्यायला, पाठवायचं तर जुनं प्लॅस्टिक फेकायलाच लागेल. पण पाठवायचंच नाहीये. जुन्या टॉपलोडरसकट नव्या मोठ्या पाकिटात ठेवतोय.

२५ जानेवारी

वाईट दिवस. ९१ च्या स्टेडियम क्लब नावाच्या सेटची सगळी कार्डं गेली. हे कार्ड तेव्हा स्वर्ग वाटायचं, कडेपर्यंत फोटो, दोन्ही बाजूंनी चकचकीत. तो चकचकीत लेपच नडला, बेसमेंटच्या ओलीमुळे कार्डं एकमेकांना चिकटून वीट झाली आहे. कोपरा धरून हळू वाकवलं की कुरकुर आवाज येतो आणि काही सुटतात, पण बऱ्याच जणांचे चेहरे दुसऱ्याच्या पाठीवर राहिले. ९२ ची अपर डेक पण थोडी तशीच. गंमत म्हणजे स्वस्त, खरखरीत ८७ ची टॉप्स एकदम ठणठणीत आहेत.

१६० मधली ७१ वाचवली. बाकीची वीट तशीच ठेवली. फोटो काढलाय.

१ फेब्रुवारी

आज आई कामाला लागली. डॉनरसच्या पाकिटात गम नसायचा, पझलचे तुकडे असायचे. त्याचं कारण मला बरंच उशिरा कळलं, टॉप्सची मक्तेदारी फ्लीअरने कोर्टात मोडली आणि १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस दोघांनी कार्डं काढली, पण वरच्या कोर्टाने निकाल फिरवला आणि गमबरोबर कार्डं विकायचा हक्क टॉप्सकडेच राहिला. मग फ्लीअरने स्टिकर घातले आणि डॉनरसने पझल. पझलच्या एका कार्डावर तीन तुकडे, अशी २१ कार्डं, एकूण ६३ तुकड्यांचं एका जुन्या खेळाडूचं चित्र. ८९ ला वॉरन स्पान, ९० ला यस्ट्रेम्स्की, ९१ ला विली स्टार्जेल.

मला पझलमध्ये काही रस नव्हता, मी ते तुकडे टेबलावर टाकून द्यायचो आणि आई गोळा करायची. बेसबॉलमधलं तिला ओ की ठो कळायचं नाही पण वॉरन स्पान पूर्ण करायचाच म्हणून हटून बसली होती. शोला निघताना मला चिठ्ठी द्यायची, तिला हवे असलेले नंबर लिहून. डीलरलोक पझलचे तुकडे फुकट देऊन टाकायचे, एकाने तर मूठभर दिले, "फॉर युवर मॉम" म्हणून. आज खोक्यात रबरबँड लावलेली तिची गड्डी मिळाली. रबर वितळून वरच्या तुकड्याला चिकटलं होतं. दुपारभर ती आणि मी टेबलावर जुळवत बसलो, स्पान झाला, साठ तुकडे. एक कार्ड कमी आहे, डाव्या खांद्याचं. ते तेव्हाही मिळालं नव्हतं म्हणे. ती अजून शोधतेय.

८ फेब्रुवारी

आज कार्डं नाही, टेबलांचं चित्र काढलं. स्टिकरवरून जे आठ हात ओळखले त्यातले पाच नेहमीचे डीलर मला चेहऱ्याने आठवतात, नावाने नाही, आणि कोण कुठे बसायचा ते एका कागदावर काढत गेलो. केशरी स्टिकरवाला दाराच्या उजवीकडे, नेहमी. त्याची बायको विणकाम करायची. अक्षरं लिहिणारा मधल्या रांगेत, टेबलाखाली कुत्रा. सातवर रेघवाला जुन्या कार्डांचा, पन्नास-साठच्या दशकातली, त्याच्याकडे मुलं जायची नाहीत. बाबा जायचे.

बाबांना फोटोपेक्षा कार्डाची पाठ आवडायची. पाठीवर वर्षवार सगळे आकडे असतात, मॅच, धावा, सरासरी. क्रिकेटच्या सरासरीवर वाढलेल्या माणसाला .३०० म्हणजे काय हे पहिल्यांदा या रेघवाल्यानेच समजावून सांगितलं. दहा वेळा बॅटिंगला आला आणि सातदा बाद झाला तरी तो महान! बाबा दोन दिवस अस्वस्थ होते. मग हळूहळू पाठीवरचे आकडे वाचून खेळाडू सांगायला लागले, फोटो झाकून.

याच माणसाने आम्हाला १९५२ च्या टॉप्सची गोष्ट सांगितली. त्या सेटमधली शेवटची मालिका सीझन संपत आल्यावर आली, विकलीच गेली नाही, गोडाऊनमध्ये पडून राहिली, आणि ज्याने तो सेट तयार केला त्या साय बर्गरनेच १९६० च्या सुमारास उरलेली खोकी एका बार्जवर चढवून समुद्रात टाकून दिली. आमच्याच जर्सीच्या किनाऱ्यापासून थोडं पुढे. त्यात मिकी मँटल या महान खेळाडूचं ३११ नंबरचं कार्ड पण होतं. बाबा आणि मी उन्हाळ्यात बीचवर गेलो की मी पाण्याकडे बघत बसायचो.

आणि त्याच मँटलचं एक कार्ड, जर्सीतलाच प्रसिद्ध डीलर ॲलन रोझेन, ज्याला सगळे मिस्टर मिंट म्हणायचे आणि जो नोटांची बॅग घेऊन लोकांच्या घरी कार्डं विकत घ्यायला जायचा, त्याने १९९१ मध्ये न्यूयॉर्कला ५० हजार डॉलरला विकलं. घेणाऱ्याला लोकांनी वेडा म्हणलं असेल. ते कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. ही बातमी आली तेव्हा मी बाबांना सांगितली तर त्यांनी विचारलं की पाठीवर काय लिहिलंय.

१५ फेब्रुवारी

एक जुनी शंका आज पट्टी लावून संपवली. ९२ च्या एप्रिलमध्ये डेनिस एकर्सलीचं १९७६ चं रूकी कार्ड (खेळाडूचं पहिलं कार्ड) घेतलं होतं, वहीत "१२ एप्रिल, एकर्सली १८" असं आहे, माझी तोपर्यंतची सगळ्यात मोठी खरेदी, बर्फ काढून मिळवलेले पैसे. कडा इतक्या धारदार की बघत राहावं. आज त्याच सालातल्या साध्या दहा सेंटच्या कार्डावर ठेवून बघितलं. कार्ड अडीच बाय साडेतीन इंच असायला हवं. हे वरून एक मिलिमीटर कमी. कुणीतरी कडा कापलीय. ज्या टेबलावर घेतलं ते परत दिसलं नाही, अक्षरही दुसऱ्या कुठल्या स्टिकरवर नाही.

राग आला. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला कापलेलं कार्ड विकणं ही हलकी गोष्ट नाही आणि तीस वर्षं झाली म्हणून ती हलकी होत नाही. होनस वॅगनर या जुन्या काळच्या खेळाडूच्या ज्या कार्डावरून सगळा धंदा चमकला, ज्यासाठी हॉकीवाला वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या पार्टनरने १९९१ मध्ये लिलावात ४ लाख ५१ हजार मोजले, जे पीएसए या ग्रेडिंग कंपनीने तपासून प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं पहिलं कार्ड, ते पण कापलेलंच होतं, कापणाऱ्या बिल मॅस्ट्रोने २०१३ मध्ये कबूल केलं. वॅगनर तरी कोट्यवधीला विकला जातो. माझा एकर्सली यादीत "कापलेलं" असा शेरा मारून ठेवला, त्याच पानावर.

२२ फेब्रुवारी

बारीकसारीक. फ्लीअरचं ८९ चं बिली रिपकनचं ६१६ नंबरचं कार्ड मिळालं, बॅटच्या मुठीवर शिवी लिहिलेली होती आणि कंपनीने घाईघाईत ती झाकायचे वेगवेगळे प्रकार केले. माझ्याकडे काळ्या चौकोनाचं. तेव्हा आईने विचारलं होतं याच्या खाली काय आहे आणि मी कंपनीचा शिक्का असेल म्हणलं होतं. आज खरं सांगितलं. "मला तेव्हाच वाटलं," म्हणाली.

बेकेटचे जुने अंक पण निघाले, सतरा. जेम्स बेकेट हा स्टॅटिस्टिक्सचा प्रोफेसर, १९८४ पासून त्याचं किमतींचं मासिक, प्रत्येक कार्डापुढे वर नाहीतर खाली जाणारा बाण. शोमध्ये सगळ्यांच्या मागच्या खिशात हाच अंक गुंडाळलेला असायचा. बाबांनी काही पानांवर मार्जिनमध्ये मागच्या महिन्याचा भाव पेन्सिलने लिहिलाय.

आत्तापर्यंत ३१ पैकी १९ शो जुळले.

१ मार्च

एका ओळीवर अडलोय. "१० फेब्रु. ९१. शो. गॅस ४, तिकीट २+१, कार्डे ०."

शून्य. बाकी तीस शोमध्ये काही ना काही घेतलंय, अगदी पन्नास सेंटचं का होईना. मला वाटलं लिहायला विसरले असतील पण बाबा शून्य लिहितात म्हणजे शून्यच. पान नीट वाचलं. वरती तीन ओळी सोडून "७ फेब्रु. ठाणे, अण्णांचा डोळा, ३५०." अण्णा म्हणजे माझे आजोबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं त्या वर्षी. खाली ट्रेनचा पास, दूध, आणि "फोन २८". इंडियाला फोन मिनिटावर पैसे पडायचे. म्हणजे त्या आठवड्यात हात आखडलेला होता, तेवढं कळलं. पण मग गेलोच कशाला.

२ मार्च

सकाळी चहाच्या वेळी बाबांना ती ओळ दाखवली. जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तूच म्हणालास."

त्यांचं म्हणणं असं की शोला जायचं आधीच ठरलं होतं, शनिवारी रात्री त्यांनी मला नेहमीसारखे पाच डॉलर काढून दिले आणि मी सकाळी गाडीत बसल्यावर ते डॅशबोर्डवर ठेवून म्हणालो की बाबा आज नुसतं बघूया. कुणी मला काही सांगितलं नव्हतं. फोनवरचं बोलणं ऐकलं असेन, दोन खोल्यांच्या घरात सगळंच ऐकू यायचं.

मला यातलं काही म्हणजे काहीच आठवत नाही. पण तो शो आठवतोय! तोच तो, आता कळलं. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा सगळी टेबलं फिरलो, खोक्यांवर न थांबता, दारापासून शेवटपर्यंत आणि परत. सातवर रेघवाल्याकडे बराच वेळ. अक्षरंवाल्याकडे काचेत मायकल जॉर्डनचं १९८६ चं फ्लीअर होतं, १३२ च्या सेटमधलं ५७ नंबर, लाल-निळी बॉर्डर, बॉल डोक्याच्या वर उचललेला. मी इतका वेळ उभा राहिलो की त्याने काच उघडून ते टॉपलोडरसकट माझ्या हातात दिलं. घे, बघ, पाठ पण बघ. मी दोन्ही हातांनी धरलं होतं. बाबांनी पाठ वाचली, मोठ्याने. मग मी परत दिलं. हे मला कायम एखाद्या मोठ्या, लांबच्या शोमधलं वाटायचं. ते रूट वनच्या हॉटेलमधलंच होतं, आणि खिशात काही नसतानाचं.

८ मार्च

वॉटरप्रूफिंगवाला सोमवारी येतोय. जुळलेले शो २६. उरलेल्या पाचांपैकी तीन ९४-९५ मधले. ऑगस्ट ९४ मध्ये बेसबॉल खेळाडूंचा संप झाला, वर्ल्ड सिरीज रद्द झाली, मी पण सोळाचा झालो होतो, शोमध्ये टेबलं कमी कमी होत गेली आणि स्टिकर पण ओळखीचे राहिले नाहीत. ते तीन बहुतेक जुळणारच नाहीत. ठीक आहे.

साडेनऊ हजार साधी कार्डं वाटायला वेगळी काढली, शेजारच्या दोन पोरांनी एक खोकं आजच नेलं. स्टिकरवाली, डागवाली, वीट आणि आईचा स्पान घरीच राहणार. स्पानचं हरवलेलं कार्ड ऑनलाइन एका माणसाकडे मिळालंय, एक डॉलर, टपालखर्च पाच. आईला सांगितलं नाहीये, येईल तेव्हा बघेल.

१० फेब्रुवारी ९१ च्या ओळीचं काय करायचं हा प्रश्न होता कारण एक्सेलमध्ये प्रत्येक शोपुढे कमीत कमी एक स्कॅन लावलाय. शेवटी "पाहिलेली कार्डं" असा नवा कॉलम केला. बाबा आणि मी बसून त्या दिवशी काय काय बघितलं ते आठवून भरलं, आठ नावं झाली, त्यातली पाच त्यांनी सांगितली. स्कॅनच्या जागी वहीचं ते पान लावलं. खर्चाच्या कॉलममध्ये मी गॅस ४ टाईप केलं तर बाबा स्क्रीनजवळ येऊन म्हणाले चार नाही रे, पाच आहे तो, माझा पाच तसाच असतो. सगळी वही परत बघावी लागणार. बसलोय.